वफादारीचा रकाना

१ नोव्हेंबर १९१६. फ्रान्समध्ये वर्दूंच्या लढाईला नववा महिना लागला होता आणि सोमच्या लढाईला पाचवा. त्या दिवशी जर्मन सैन्याच्या तुकड्यांमध्ये एक तक्ता भरला जात होता. दारूगोळा किती उरला, अन्नधान्य किती दिवस पुरेल, असले प्रश्न त्यात नव्हते. तुमच्याकडे ज्यू सैनिक किती आहेत? त्यातले प्रत्यक्ष आघाडीवर किती आणि पिछाडीला किती? स्वतःहून भरती झालेले किती? मेले किती? शौर्यपदक मिळालेले किती? असे प्रश्न होते.

प्रशियाच्या युद्ध मंत्रालयाने ११ ऑक्टोबरला हा आदेश काढला होता. ज्यू लोक लष्करी सेवा टाळतात, किंवा सुरक्षित जागा पटकावून बसतात, अशा तक्रारी जनतेकडून सतत येत आहेत आणि त्यांची शहानिशा करायची आहे, असं कारण त्यात दिलेलं होतं. इतिहासात हा प्रकार ‘ज्यू गणना’ म्हणून ओळखला जातो.

हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांनी वेगळ्या शब्दांत ऐकलेला आहे. कधी कॉलेजच्या कट्ट्यावर, कधी ऑफिसच्या डब्याच्या टेबलावर, कधी भारत-पाकिस्तान मॅचच्या दिवशी. विचारणारा हसत विचारतो आणि आपणही हसून उत्तर देतो. पण उत्तर देताना मनातल्या मनात आपण एक यादी चाळत असतो: आपल्यातले कोण कोण देशासाठी लढले, कोण शहीद झाले. त्या यादीचा नेमका उपयोग काय आणि ती कुठे निकामी ठरते, हे समजून घ्यायचं असेल तर पहिल्या महायुद्धातल्या जर्मनीकडे पाहायला हवं. शाळेत आपण या युद्धाची कारणं आणि परिणाम पाठ केले. खंदकातला चिखल घरच्या राजकारणात कसा उतरला, हे मात्र आपल्याला कुणी शिकवलं नाही.

अडकलेलं युद्ध

ऑगस्ट १९१४ मध्ये सैन्यं निघाली तेव्हा काही महिन्यांत सगळं आटोपेल असा अनेकांचा अंदाज होता. वर्ष संपता संपता बेल्जियमच्या समुद्रकिनाऱ्यापासून स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत सुमारे ७०० किलोमीटर लांब खंदकांची रांग तयार झाली. पुढची जवळपास साडेतीन वर्षं ती रेषा फारशी हलली नाही.

याचं कारण यांत्रिक होतं. काटेरी तारा आणि मशिनगन यांच्यासमोर मोकळ्या मैदानातून चालत जाणारं पायदळ टिकत नव्हतं. प्रचंड तोफमारा करून समोरचा पहिला खंदक घेता यायचा. पण नंतर काय? हल्ला करणाऱ्याला तोफगोळ्यांनी उकरलेल्या चिखलातून पायी पुढे सरकावं लागे आणि बचाव करणाऱ्याची कुमक मागून रेल्वेने येई. फोडलेली भिंत हल्लेखोर पुढे पोचेपर्यंत पुन्हा बांधून होत असे. १ जुलै १९१६ या एका दिवसात सोमला ब्रिटिश सैन्याचे ५७ हजारांहून अधिक लोक मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले. त्यातले १९ हजारांहून अधिक मृत. वर्दूंमध्ये दोन्ही बाजू मिळून सुमारे तीन लाख माणसं मेली आणि वर्षअखेर रेषा जवळजवळ जिथल्या तिथे होती.

रणांगणावर निकाल लागेना, तेव्हा युद्धाचा भार घरावर आला. तोफगोळे कोण बनवणार, भाकरी कुठून येणार, पुढची भरती कोणाची करणार? ब्रिटनमध्ये १९१५ साली तोफगोळ्यांच्या तुटवड्यावरून गदारोळ झाला आणि त्याच सुमारास संयुक्त सरकार आलं. १९१६ च्या जानेवारीत सक्तीच्या भरतीचा कायदा झाला. जर्मनीची अवस्था अधिक बिकट होती. ब्रिटिश नौदलाने समुद्रमार्ग अडवले होते. १९१५ पासून भाकरी कार्डावर मिळू लागली. १९१६ च्या शरद ऋतूत बटाट्याचं पीक बुडालं आणि गुरांना घालायचं सलगम माणसांच्या ताटात आलं. त्या हिवाळ्याला जर्मन लोक आजही ‘सलगमचा हिवाळा’ म्हणतात.

किल्ल्यातली शांतता

युद्ध सुरू झालं तेव्हा जर्मन सम्राटाने जाहीर केलं होतं की आता आपल्याला पक्ष दिसत नाहीत, फक्त जर्मन दिसतात. सगळ्या पक्षांनी आपसातले वाद थांबवले. समाजवादी पक्षानेही युद्धकर्जाच्या बाजूने मत दिलं. कामगार संघटनांनी संप मागे ठेवले. या तहाला ‘बुर्गफ्रीडेन’ असं नाव पडलं. शत्रूने वेढा घातलेल्या किल्ल्यात आतल्यांनी भांडायचं नाही, असा त्याचा भाव.

जर्मनीतल्या ज्यूंना ही घोषणा फार मोलाची वाटली, आणि ते स्वाभाविक होतं. कायद्याने ते समान नागरिक होते, पण प्रशियाच्या सैन्यात ज्यू माणसाला राखीव अधिकारी होणंसुद्धा गेली तीस वर्षं जवळपास अशक्य होतं. आता ती दारं उघडतील असं वाटलं. लुडविग फ्रांक हे समाजवादी पक्षाचे खासदार, धर्माने ज्यू, वय ४०. ते स्वतःहून सैन्यात गेले आणि ३ सप्टेंबर १९१४ रोजी, महायुद्धाच्या दुसऱ्याच महिन्यात, फ्रान्सच्या आघाडीवर मारले गेले. उद्योगपती वाल्टर राटेनाउ यांनी युद्ध मंत्रालयात कच्च्या मालाचं खातं उभं केलं. नाकेबंदीत जर्मनी इतकी वर्षं टिकला त्याला या खात्याचा मोठा हातभार होता.

पण या शांततेची एक किंमत होती. हल्ला का फसला, सेनापतींनी कोणता हिशेब केला होता, भाकरीच्या रांगेत बायाबापड्या उभ्या असताना बड्या जमीनदारांच्या कोठारात काय आहे, हे उघड विचारणं म्हणजे ऐक्य मोडणं ठरू लागलं. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. कार्ल लीबक्नेश्टने डिसेंबर १९१४ मध्ये संसदेत एकट्याने युद्धकर्जाविरुद्ध मत दिलं. १ मे १९१६ ला बर्लिनमध्ये युद्धाविरुद्ध जाहीर घोषणा दिली म्हणून तो तुरुंगात गेला.

सत्तेला प्रश्न विचारायचे नाहीत असं ठरलं तरी राग कुठे जात नाही. रांगेत उभी असलेली बाई, मुलगा गमावलेला बाप, रजेवर आलेला सैनिक, सगळे कुणाला तरी जबाबदार धरू पाहतात. वर बोट दाखवता येत नाही, मग ते बाजूला वळतं. साठेबाज कोण? काळा बाजार कोण करतो? अंग चोरून कोण बसलंय? या प्रश्नांना उत्तर म्हणून एक नाव पिढ्यान् पिढ्या तयारच होतं. ज्यूद्वेष्ट्या संघटनांनी मंत्रालयाकडे तक्रारींचा रतीब लावला. ऑगस्ट १९१६ च्या अखेरीस हिंडेनबुर्ग आणि लुडेनडॉर्फ यांच्या हाती सर्वोच्च सेनापतीपद आलं आणि देशातला प्रत्येक हात युद्धाला जुंपण्याचा कार्यक्रम सुरू झाला. प्रत्येक माणूस मोजायचा, तर ‘लपलेला’ माणूस शोधायचा. गणनेचा आदेश याच वातावरणात निघाला. त्याच महिन्यात मध्यममार्गी कॅथलिक नेते माटियास एर्झबर्गर यांनीही संसदेच्या समितीत मागणी केली की युद्धकाळातल्या सरकारी कंपन्यांतल्या कर्मचाऱ्यांची धर्मनिहाय माहिती द्या. ते ज्यूद्वेष्टे पुढारी म्हणून ओळखले जात नव्हते. इथपर्यंत हवा पोचली होती.

रकाना कोण आखतो?

माझं रोजचं काम डेटाबेसचं. या कामात एक गोष्ट लवकर कळते: माहिती गोळा होण्याच्या आधीच निम्मं उत्तर ठरलेलं असतं. कोणता रकाना ठेवायचा आणि कोणता नाही, हे ज्याच्या हातात असतं त्याचा संशय त्या तक्त्यात छापला जातो.

ज्यू गणनेचा तक्ता त्या नजरेने पाहा. कॅथलिक किती पिछाडीला आहेत, जमीनदारांची मुलं किती, कारखानदारांचे जावई किती, असा रकाना नव्हता. तुलनेला दुसरा गटच नसेल तर पिछाडीला असलेल्या ज्यूंचा आकडा मोठा की छोटा हे कळणार कसं? शिवाय तुकड्या आलटून पालटून खंदकात जात आणि विश्रांतीला मागे येत. एका ठरावीक दिवशी कोण कुठे आहे, यावरून कोणाचं धैर्य मोजता येत नाही. राइशस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, याला विरोध झाला. स्वतः आघाडीवर सेवा केलेल्या ज्यू खासदारानेही विरोध केला. पण गणना झाली.

आणि तिचा निकाल? युद्ध संपेपर्यंत तो जाहीरच झाला नाही. संशय सरकारी शिक्क्यानिशी पसरवला गेला, उत्तर कपाटात ठेवलं गेलं. युद्धानंतर त्यातले निवडक आकडे ज्यूद्वेष्ट्या लेखकाच्या हाती लागले आणि त्याने ते वाकवून छापले. अर्थशास्त्रज्ञ फ्रान्झ ओपेनहायमर यांनी १९२२ साली त्या आकडेमोडीतल्या चुका एकेक करून दाखवल्या, पण तोवर खोटं घरोघर पोचलं होतं.

वस्तुस्थिती अशी: जर्मनीत साडेपाच लाखांच्या आसपास ज्यू होते. त्यातले सुमारे एक लाख सैन्यात गेले. सुमारे ८० हजार प्रत्यक्ष आघाडीवर होते. १२ हजार मेले.

पाठीत खंजीर

सप्टेंबर १९१८ च्या अखेरीस लुडेनडॉर्फने स्वतः सरकारला सांगितलं की ताबडतोब युद्धबंदी मागा, सैन्य तग धरणार नाही. शस्त्रसंधीवर सही करायला मात्र सेनापती गेले नाहीत. नागरी नेते एर्झबर्गर गेले. वर्षभराने, नोव्हेंबर १९१९ मध्ये, हिंडेनबुर्गने संसदेच्या चौकशी समितीपुढे साक्ष दिली की सैन्याच्या पाठीत खंजीर खुपसला गेला. कोणी खुपसला? समाजवाद्यांनी, संप करणाऱ्यांनी, ज्यूंनी. ज्यांनी चार वर्षं निर्णय घेतले ते सुटले आणि ज्यांना बोलू दिलं नव्हतं ते गुन्हेगार ठरले. एर्झबर्गर यांचा १९२१ मध्ये खून झाला. त्यांनी ज्या धर्मनिहाय मोजणीला बळ दिलं होतं, तिच्यातूनच वाढलेल्या द्वेषाने त्यांचाही बळी घेतला. १९२२ मध्ये राटेनाउ परराष्ट्रमंत्री असताना भर रस्त्यात मारले गेले. जर्मनीला तगवण्यासाठी त्यांनी केलेलं काम त्यांच्या उपयोगी पडलं नाही.

ज्यू माजी सैनिकांनी १९१९ मध्ये आपली संघटना काढली. त्यांनी पत्रकं वाटली: बारा हजार ज्यू पितृभूमीसाठी धारातीर्थी पडले. १९३२ मध्ये दहा हजारांहून अधिक शहिदांची नावं असलेला स्मृतिग्रंथ छापला. गाव, तुकडी, मृत्यूची तारीख, सगळं. यापेक्षा भक्कम पुरावा काय असणार?

पुढच्याच वर्षी हिटलर सत्तेत आला. एप्रिल १९३३ च्या कायद्याने ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढलं. तेव्हा राष्ट्राध्यक्ष असलेल्या हिंडेनबुर्गच्या आग्रहामुळे आघाडीवर लढलेल्यांना सूट मिळाली. बलिदानाची यादी कामी आली, असं तेव्हा अनेकांना वाटलं असणार. हिंडेनबुर्ग १९३४ मध्ये वारला आणि १९३५ च्या न्युरेम्बर्ग कायद्यांनंतर ती सूट गेली. १९४२ पासून पदकं मिळवलेल्या कितीतरी वृद्ध ज्यू सैनिकांना ‘सवलत’ म्हणून टेरेझिएनश्टाटच्या छावणीत पाठवलं गेलं. तिथून अनेकांची रवानगी पुढे आउश्वित्झला झाली.

सवलत आणि हक्क यांतला फरक इतका मोठा आहे. सवलत देणारा एक माणूस मेला की ती संपते.

त्याच युद्धाचं आपलं पान

या खंदकांत आपल्याकडचे लोकही होते. दहा लाखांहून अधिक भारतीय समुद्रापार गेले, सत्तर हजारांहून अधिक परतले नाहीत. ३१ ऑक्टोबर १९१४ ला बेल्जियममध्ये होलेबेके गावाजवळ मशिनगनवरचे सगळे साथीदार मेल्यावरही शिपाई खुदादाद खान लढत राहिले. भारतीय सैनिकाला मिळालेला पहिला व्हिक्टोरिया क्रॉस त्यांचा. त्याच आठवड्यात तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरला आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांना प्रश्न पडला: मुसलमान शिपाई वफादार राहतील का? शिपायांची पत्रं सेन्सॉर उघडून वाचत होते.

या प्रश्नाचा फोलपणा एका घरात दिसतो. जमादार मीर मस्त मार्च १९१५ मध्ये काही साथीदारांसह जर्मनांच्या बाजूला गेला. पुढच्याच महिन्यात त्याचा भाऊ जमादार मीर दस्त विषारी वायूच्या हल्ल्यात जखमींना वाचवत राहिला आणि व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी ठरला. एकाच आईची दोन मुलं, एकच कबिला, एकच मजहब. वफादारीच्या रकान्यात या घरापुढे काय लिहिणार?

भारतातही युद्धकाळाची शांतता लादली गेलीच. १९१५ च्या भारत संरक्षण कायद्याच्या काळात मोहम्मद अली आणि शौकत अली स्थानबद्ध झाले, मौलाना आझाद रांचीला. जून १९१८ मध्ये मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये गव्हर्नर विलिंग्डन यांनी युद्ध परिषद भरवली. सैन्यभरतीला मदत करू, पण स्वराज्याचा प्रश्न सोबत घेऊ, असं टिळक सांगू लागले तेव्हा त्यांना मध्येच थांबवण्यात आलं आणि ते सभागृहातून निघून गेले. मदत द्या, मागणी करू नका, हीच अपेक्षा होती. लढाऊ भरतीत जवळपास निम्मा वाटा एकट्या पंजाबचा होता. त्याच पंजाबला १९१९ मध्ये रौलट कायद्यानंतर जालियनवाला बाग, मार्शल लॉ आणि गुजरांवालावर विमानातून बॉम्ब मिळाले. रक्त देऊन साम्राज्याकडून नागरिकत्व मिळालं नाही. ते मिळालं संघटित चळवळीतून, आणि अखेर संविधानातून.

यादीचं काय करायचं?

आजचा भारत म्हणजे १९३० चा जर्मनी नाही. आपल्याकडे संविधान आहे, न्यायालयं आहेत, मतदान आहे, आणि आपल्या बाजूने उभे राहणारे लाखो बिगरमुस्लिम नागरिक आहेत. तुलना ताणली तर आपलंच नुकसान. पण ज्यू गणनेतून तीन गोष्टी शिकता येतात.

पहिली: ब्रिगेडियर उस्मान आणि हवालदार अब्दुल हमीद यांची नावं आपण जरूर सांगावी. मुलांना सांगावी, शाळेत सांगावी. पण ती प्रेमाने सांगावी, खुलासा म्हणून नाही. ‘आम्हीही मेलो आहोत, म्हणून आम्हाला राहू द्या’ असं म्हटलं की समोरच्याचा न्यायाधीश होण्याचा अधिकार आपण मान्य केला. संविधानाच्या १४ व्या आणि १५ व्या कलमात शहिदांच्या संख्येची अट नाही. ज्याच्या घरातलं कुणीही कधी सैन्यात गेलं नाही, तो भिवंडीतला यंत्रमाग कामगार किंवा मालेगावची शिक्षिका तेवढीच पूर्ण नागरिक आहे.

दुसरी: मोजणीला घाबरू नका, रकाना तपासा. सच्चर समितीने २००६ मध्ये आणि महाराष्ट्रात मेहमूद-उर-रहमान समितीने २०१३ मध्ये मुसलमानांची मोजणी केली ती शिक्षण, नोकरी, कर्ज, घर यांत कुठे मागे पडलो हे कळावं म्हणून. सच्चर समितीचा अहवाल उघड आहे, इतर समाजांशी तुलना त्यात आहे, कुणीही आक्षेप घेऊ शकतो. मोजणी हक्कासाठी आहे की आरोपासाठी, हे ओळखायला तीन प्रश्न पुरतात: कोणाशी तुलना आहे, निकाल जाहीर होणार का, आणि तो तपासायचा अधिकार आपल्याला आहे का.

तिसरी, आणि ही आपल्या हातातली: देशावर संकट असताना प्रश्न विचारणं थांबवू नये. धर्माचेच नव्हे, भाकरीचे, रेशनचे, नोकरीचे, सरकारी निर्णयांचे प्रश्न, सगळ्यांच्या बरोबरीने. जर्मनीत भाकरीच्या रांगेतला प्रश्न वर जाऊ दिला असता तर तो शेजाऱ्याकडे वळला नसता. आपण आपल्या मोहल्ल्यातल्या पाण्याबद्दल, शाळेतल्या रिकाम्या जागांबद्दल, पालिकेच्या खर्चाबद्दल शेजारच्या वस्तीतल्या लोकांसोबत अर्ज देतो, सभा घेतो, तेव्हा राग योग्य दारात जातो. माहिती अधिकाराचा एक नीट अर्ज वफादारीच्या शंभर खुलाशांपेक्षा जास्त उपयोगी आहे.

म्हणून पुढच्या वेळी डब्याच्या टेबलावर कुणी हसत तो प्रश्न विचारला, तर यादी चाळायची गरज नाही. शांतपणे विचारा, हा प्रश्न या टेबलावर आणखी कुणाला विचारला जातो?